खिडकी उघडायची की लावायची?

पत्र थोडक्यात

मी ३४ वर्षांचा आहे. बी.आर्क., एम.आर्क. करून गेली आठ वर्षं खान्देशातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवतो. जोडीला छोटी कामं घेतो. बंगले केले, दुकानं केली, तालुक्याच्या गावी दोन दवाखानेही बांधले. घर यावल तालुक्यात, वडील केळी करतात. पत्नी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मुलगी चार वर्षांची.

कोविडच्या काळात आमच्याकडचे वॉर्ड आतून पाहिले, तेव्हापासून रुग्णालयांच्या रचनेवर संशोधन करावंसं वाटतं. इमारतीमुळे माणसाचं बरं होणं सोपं होतं की अवघड, हे अंदाजाने न सांगता पुराव्याने सांगावं, अशी इच्छा आहे. राज्याबाहेरच्या एका नामवंत संस्थेतले प्राध्यापक मार्गदर्शक व्हायला तयार आहेत. मार्चमध्ये अर्ज, जुलैत प्रवेश. नोकरी सोडावी लागेल, शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये. त्याच वेळी पुण्यातल्या हॉस्पिटल प्लॅनिंग करणाऱ्या एका फर्मने दुप्पट पगार देऊ केलाय आणि महिन्याभरात उत्तर मागितलंय.

ओळखीच्या एका मोठ्या सर्जनना विषय सांगितला, तर म्हणाले, ‘भिंती तुम्ही बांधा, पेशंट आम्ही बरे करतो.’ वडिलांना विषय कळत नाही. वाचायला मिळतं ते सगळं अमेरिका-युरोपातलं. आमच्याकडे एका खाटेवर दोन पेशंट, इथे कसलं संशोधन? शिवाय चार-पाच वर्षं बायकोच्या पगारावर घर चालवायचं, हे मनाला पटत नाही. वय निघून चाललंय. मॅडम, हा विषय खरंच करिअर होऊ शकतो का? की सरळ पुण्याला जावं?

उत्तर

मूळ पत्र चार पानांचं होतं आणि मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी एक गोष्ट खटकली. ती आत्ता नुसती सांगून ठेवते, नंतर तिच्याकडे पुन्हा येऊ. चार पानांत तुमच्या पत्नीचा उल्लेख दोनदा आहे. एकदा त्यांची नोकरी सांगताना आणि एकदा त्यांचा पगार सांगताना.

आधी सर्जनसाहेबांचं वाक्य घेऊ, कारण ते तुम्ही पत्रात अधोरेखित केलंय. ते लागलंय तुम्हाला. आर्किटेक्चर शिकवण्याच्या तीस वर्षांत मीही ते वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे आणि पहिली काही वर्षं मलाही वाटायचं की आपण दुसऱ्याच्या शेतात पाय टाकतोय. पण इमारत आजाऱ्याचं काय करते, हा प्रश्न मुळात आर्किटेक्टने शोधलेला नाही. तो वॉर्डातून आला. क्रिमियाच्या युद्धात जखमेपेक्षा रोगाने मेलेले सैनिक पाहून आलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये रुग्णालयांवर पुस्तक लिहिलं. दोन खाटांत अंतर किती हवं, एका वॉर्डात माणसं किती असावीत, हवा कुठून आत यावी आणि कुठून बाहेर जावी, याचा त्यात हिशेब आहे. रुग्णालयाने निदान आजाऱ्याला अपाय तरी करू नये, ही त्यांची पहिली अट होती. तुमच्या विषयाचा पाया एका नर्सने घातला आहे, हे ध्यानात ठेवा.

त्यानंतरचा जो अभ्यास या क्षेत्रात सगळे सांगतात, तो तुम्हाला माहीत असणारच. वाचकांसाठी सांगते. रॉजर उलरिक हा शिक्षणाने भूगोलाचा माणूस. त्याने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचे १९७२ ते १९८१ या काळातले कागद काढले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण घेऊन त्यांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतले दोघं वय, लिंग, धूम्रपान अशा बाबतींत सारखे. फरक इतकाच, की एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हा लेख १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला.

यातल्या दोन गोष्टींकडे मी माझ्या विद्यार्थ्यांचं लक्ष वेधायची. एक, त्याने काहीही बांधलं नाही. कपाटात पडलेले कागद नीट प्रश्न विचारून वाचले. दुसरी गोष्ट, त्याच्या पुराव्यातला एक मोठा भाग म्हणजे नर्सनी लिहून ठेवलेले शेरे होते. रुग्ण रडवेला आहे, फार धीर द्यावा लागतो, अशा प्रकारचे. भिंतीसमोरच्या रुग्णांबद्दल असे शेरे जास्त निघाले.

या अभ्यासाच्या मर्यादाही तुम्ही सांगायला शिकलं पाहिजे. रुग्ण थोडे, रुग्णालय एकच, आणि तेव्हा पोट उघडून केली जाणारी ती शस्त्रक्रिया आता बहुतेकदा दुर्बिणीने होते, पेशंट दोन दिवसांत घरी जातो. पाऊण दिवसाचा तो फरक जसाच्या तसा उचलून आज कुणाच्या तोंडावर फेकता येणार नाही. सर्जनसाहेबांसारखा माणूस नेमकं तिथेच धरेल आणि ते योग्यच असेल. डॉक्टरला ‘पुरावा आहे’ असं सांगून पटत नाही. पुरावा कुठवर जातो आणि कुठे थांबतो, हे तुम्हीच आधी सांगितलंत तर तो खुर्ची पुढे ओढून ऐकतो. हे मी अनुभवाने सांगते.

मला स्वतःला हे सगळं वर्गात शिकवून बरीच वर्षं झाली होती, तेव्हा आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. खाजगी रुग्णालय होतं, नाव घेत नाही. आई उताणी, हलायची सोय नाही आणि डोळ्यांच्या बरोबर वर ट्यूबलाइट. सिस्टरना रात्रभर सलाईन दिसायला हवं म्हणून दिवा बंद करता येईना. तिसऱ्या रात्री आईची दिशाच हरवली. रात्रंदिवस ती एकच म्हणायची, ‘माले घर ली चला.’ फिनलंडमधल्या पाइमिओच्या क्षयरोग आश्रमाबद्दल मी कित्येक बॅचना शिकवलं होतं. आलवार आल्टो या तिथल्या आर्किटेक्टने १९३३ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या इमारतीत झोपलेल्या माणसाचा विचार केला, छताला शांत गडद रंग दिला, दिवा नजरेच्या रेषेत येणार नाही असा बसवला, शेजारचा जागा होऊ नये म्हणून पाण्याचा आवाज न होणारं बेसिन केलं. सगळं पाठ होतं मला. आणि तोवर मी एकाही वॉर्डाचं छत खाटेवर झोपून पाहिलेलं नव्हतं. मी नकाशा वरून बघत होते आणि आई तो खालून बघत होती.

म्हणून तुम्हाला एक प्रश्न विचारते, रागावू नका. ते जे दोन दवाखाने तुम्ही बांधलेत, तिथे उद्घाटनाच्या पेढ्यांनंतर पुन्हा कधी गेलात? तिथल्या खाटेवर दहा मिनिटं आडवे झालात? ड्रेसिंगच्या खोलीचं दार कुणी कायमचं उघडं बांधून ठेवलंय का, दोरीवर कपडे कुठे वाळतात, तुम्ही ‘वेटिंग’ लिहिलेल्या जागेत लोक बसतात की बाहेर निंबाखाली, हे पाहिलंत? वापरात आल्यावर इमारतीची तपासणी करणं ही या क्षेत्रातली पहिली इयत्ता आहे. तिला ना प्रवेश परीक्षा लागते ना शिष्यवृत्ती. या रविवारी जा. चुका तुमच्याच निघतील, आणि स्वतःच्या चुका मोजायची तयारी असलेला माणूस संशोधक होऊ शकतो की नाही, याचा अंदाज तुम्हालाच येईल.

आता तुमच्या पत्रातल्या सर्वांत मोठ्या गृहीतकाकडे येते. संशोधन सगळं तिकडचं, इथे काय करणार? मला तर वाटतं, उलट तिकडचं इथे चालत नाही म्हणूनच तुमची गरज आहे. एकच उदाहरण घेते, पण ते नीट घेते.

२००७ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरात केलेला एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयासारखा हवेतून पसरणारा रोग वॉर्डात किती पसरेल, हे हवा किती वेळा बदलते यावर ठरतं. संशोधकांनी नैसर्गिक हवेच्या ७० खोल्या घेतल्या, खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो किती वेगाने ओसरतो ते मोजलं. दारं-खिडक्या उघड्या असताना हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेचणाऱ्या महागड्या खोल्यांसाठी धरलेलं प्रमाण तासाला १२ असतं. आणखी एक गंमत अशी, की उंच छत नि मोठ्या खिडक्यांच्या पन्नास वर्षांहून जुन्या इमारतींत हा आकडा ४० होता, नव्या इमारतींत १७. म्हणजे आपण जे जुने दगडी दवाखाने पाडायला निघतो, त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये नैसर्गिक वायुवीजनाचं मार्गदर्शन दिलं. साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा मिळावी, असं त्यात आहे.

छान. आता हा निष्कर्ष घेऊन मे महिन्यात भुसावळला या. लिमा समुद्रकाठचं, मऊ हवेचं शहर. आपल्याकडे पारा ४४-४५ वर, दुपारी बारा ते पाच बाहेरची हवा भट्टीसारखी. सिस्टर खिडक्या लावून घेते आणि बरोबर करते, कारण वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली ताप आलेला म्हातारा पडलाय. नियम सांगतो खिडकी उघडा, ऊन सांगतं लावा. दोन्ही बाजूंना जिवाचा प्रश्न. हा पेच लिमातल्या संशोधकांपुढे नव्हता. तो जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये आहे.

आणि त्यात कूलर येतो. डेझर्ट कूलर खिडकीबाहेर बसवला, तर तो बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, म्हणजे तो हवा बदलणारं यंत्रही असतो, मात्र समोरून हवा बाहेर जायला वाट हवी. आपले लोक एसीच्या सवयीने समोरच्या खिडक्या लावून घेतात. मग खोली दमट होते, कूलर ‘मारत नाही’ म्हणून ओरड होते. तोच कूलर वॉर्डाच्या आत स्टँडवर ठेवला, की खोकल्याची हवा तीच, फक्त ओली होऊन फिरत राहते. एक कूलर, दोन जागा, हवेच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी. आपल्या वॉर्डांत यातलं काय किती चालतं, रात्री दोन वाजता काय होतं, वरचे झरोके रंगकामात कायमचे बंद झाले त्याने काय बिघडलं, हे मोजायला हवं. २०२१ च्या एप्रिलमध्ये नंदुरबार स्टेशनवर रेल्वेचे डबे विलगीकरणासाठी उभे केले, तेव्हा उन्हापायी त्या डब्यांनाही कूलर लावावे लागले होते. तो प्रसंग तुम्ही जवळून पाहिला असेल.

सातपुडा तर अजून बाकीच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येला एक आणि आदिवासी, डोंगराळ भागात २०,००० ला एक, असा निकष आहे. लोकसंख्येचा आकडा बदलला, पण इमारतीचा नमुना बहुतेकदा एकाच साच्यातला. तापीकाठच्या उन्हात आणि तोरणमाळच्या थंडीत सारख्याच खिडक्या. धडगावच्या पाड्यावरून बांबूच्या झोळीत बाळंतिणीला आणणारी दहा माणसं रात्री कुठे थांबतात, चूल कुठे मांडतात, यासाठी नकाशात एक चौरस फूट नसतो. एकाच नमुन्याच्या इमारती वेगवेगळ्या हवेत उभ्या असणं ही संशोधकाला आयती मिळालेली तुलना आहे. अमेरिकेत २००६ पासून नव्या रुग्णालयांत एका खोलीत एक खाट हा दंडक झाला. आपल्याकडे मात्र सोबतीला बसलेला नातेवाईकच सलाईन संपलं की सिस्टरला हाक मारतो, भांडं देतो, डबा भरवतो. त्या माणसाला वगळून केलेला कुठलाही आराखडा इथे अपुरा आहे, आणि त्याच्यावर नीट अभ्यास करायला पाड्यावरची भाषा कळणारा माणूस लागतो.

वडिलांना विषय कळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला शंका आहे. तुम्ही त्यांना तो कसा सांगितलात? ‘एव्हिडन्स-बेस्ड हेल्थकेअर डिझाइन’ असं म्हणालात का? त्यांना रायपनिंग चेंबरवरून सांगून बघा. सावद्या-रावेरकडचा केळीवाला बंद खोलीचं तापमान १६ ते १८ अंशांवर धरतो, दमटपणा सांभाळतो आणि खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून ठरावीक वेळाने दार उघडतो. नाही उघडलं, तर माल नीट पिकत नाही. खोलीची हवा आतल्या जिवावर काम करते, हे तुमच्या वडिलांना आपल्या दोघांपेक्षा आधीपासून माहीत आहे. बागेभोवती शेवरी का लावतात, जून-जुलैत लावलेल्या मृगबागेला आणि थंडीच्या तोंडावर लावलेल्या कांदेबागेला ऊन वेगवेगळं का लागतं, हे ज्याला कळतं, त्याला वॉर्ड कळणार नाही असं समजू नका. ‘केळीच्या घडासाठी आपण खोलीचं तापमान पाहतो, माणसासाठी कुणी पाहत नाही, ते मला पाहायचंय,’ एवढंच म्हणा. ते काय म्हणतात ते मला नक्की कळवा.

आता पत्नीकडे येते. तुम्ही सर्जनना विचारलंत, मार्गदर्शकांना विचारलंत, मला विचारलंत. ज्या व्यक्तीने बारा-बारा तास वॉर्डात उभं राहून काढलेत, तिला विचारलंत का? अमेरिकेत ३६ रुग्णालयांत केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्सेस दहा तासांच्या पाळीत एक ते पाच मैल चालताना आढळल्या. म्हणजे दीड ते आठ किलोमीटर. तुमच्या घरी रोज संध्याकाळी चप्पल काढून पाय दाबत बसणारी बाई किती चालून येते? औषधाची ट्रॉली कुठे अडते? रात्री एकटी असताना कुठली खाट तिला टेबलावरून दिसत नाही? मला खात्री आहे, तिच्याकडे तुमच्या प्रबंधाची निम्मी प्रकरणं तयार आहेत.

या क्षेत्रातल्या एका आर्किटेक्टची वाट तुम्हाला सांगते. कर्क हॅमिल्टन यांनी तीसेक वर्षं रुग्णालयांचे आराखडे केले आणि मग टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकवायला लागले. रुग्णालय-रचनेच्या संशोधनाचं ‘हर्ड’ हे नियतकालिक २००७ मध्ये निघालं, त्याचे ते एक संस्थापक-संपादक. दुसऱ्या संपादक जेनेल स्टिक्लर या नर्सिंगच्या क्षेत्रातल्या. आणि हॅमिल्टन यांनी पीएचडी केली, ती नर्सिंग आणि आरोग्यसेवेतल्या नवकल्पनांच्या विषयात, निम्मं आयुष्य उलटून गेल्यावर. ३४ व्या वर्षी वय निघून चाललंय म्हणता?

याच हॅमिल्टन यांनी २००३ मध्ये पुराव्याने काम करणाऱ्यांच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवरचा आर्किटेक्ट नवं संशोधन वाचतो आणि आपल्या कामात विचारपूर्वक वापरतो. दुसऱ्यावरचा आधीच लिहून ठेवतो की या रचनेने अमुक फरक पडेल, आणि नंतर मोजतो. तिसऱ्यावरचा निकाल चारचौघांत मांडतो, फसला असला तरी. चौथ्यावरचा तो जाणकारांच्या तपासणीतून प्रसिद्ध करतो. अशी पत्रं मला इतरांचीही येतात, चोपड्याहून, शहाद्याहून, म्हणून सर्वांसाठी सांगते: पहिल्या दोन पायऱ्या चढायला पीएचडी लागत नाही. ज्याला बाहेर जाणं जमणार नाही, त्याने तिथवर केलं, तरी आपल्या तालुक्यातले दवाखाने पालटतील.

तुमच्यापुरतं बोलायचं तर मी पीएचडीच्या बाजूने आहे, पण आंधळेपणाने नाही. पुण्याच्या फर्मला मी कमी लेखत नाही. ऑक्सिजनची पाइपलाइन कशी जाते, निर्जंतुकीकरण विभागात मळकं आणि स्वच्छ यांची वाट वेगळी कशी ठेवायची, आगीच्या वेळी आयसीयूतली खाट दारातून वळते का, हे जिथे रोजचं काम आहे, तिथे दोन वर्षांत जे कळतं ते ग्रंथालयात दहा वर्षांत कळत नाही. तुमच्या जागी २५ वर्षांचा मुलगा असता, तर ‘आधी पुण्याला जा’ म्हणाले असते. पण तुम्हाला प्रश्न सापडलाय. फर्ममध्ये प्रश्न गिऱ्हाइकाचा असतो, आणि तिथे मोजलेले आकडेही बहुतेकदा गिऱ्हाइकाचेच राहतात. जायचंच ठरलं, तर निष्कर्ष प्रसिद्ध करायची मुभा आहे का, हे आधी लेखी विचारा.

मार्गदर्शकांनाही काही गोष्टी आत्ताच विचारा. त्या संस्थेत सक्तीने राहायचं किती महिने, अभ्यासक्रम संपल्यावर खान्देशात राहून काम करता येईल का, आणि सहमार्गदर्शक म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषध वैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागातलं कुणी घेता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ आलं, तर तुमच्या जागी मी दुसरा मार्गदर्शक शोधेन. डॉक्टर सोबत नसेल, तर तुमचं म्हणणं फक्त आर्किटेक्टच वाचतील. कॉलेजात तडक राजीनामा देऊ नका. बिनपगारी अभ्यासरजेचा अर्ज करून पाहा, मिळाली तर परतीची वाट राहते.

पुढे काय, हेही तुम्हाला सतावतंय. शिकवणं आहेच. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये आरोग्य-वास्तुकलेचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, म्हणजे विषयाला घर मिळू लागलंय. सरकारी रुग्णालयांसाठीचे भारतीय सार्वजनिक आरोग्य मानक २००७ मध्ये आले, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सुधारले गेले. पुढच्या सुधारणेच्या वेळी समितीपुढे उष्ण प्रदेशातल्या वॉर्डांचे भारतीय आकडे ठेवणारं कुणी असावं, असं मला मनापासून वाटतं. हे श्रीमंत होण्याचं करिअर नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

पैशाचं म्हणाल, तर ३७,००० आणि एक कायम सरकारी पगार यांत घर चालतं. अडचण आकड्यांची नाही, ‘बायकोच्या पगारावर’ या शब्दांची आहे. तुमची आई बागेत राबली, तेव्हा वडील ‘बायकोच्या कष्टावर’ शेती करतात, असं कुणी म्हणालं का? मात्र त्यांच्यावर पडणारा खरा भार वेगळा आहे. तुम्ही बाहेर असाल, त्यांची रात्रपाळी असेल, तेव्हा चार वर्षांची मुलगी कुणापाशी? हा प्रश्न पत्रात नव्हता. तो सोडवल्याशिवाय फॉर्म भरू नका. आजी यावलहून येऊन राहणार का, की पत्नी काही काळ दिवसपाळी मागणार, ते नावानिशी ठरवा.

निर्णयाआधी एक छोटं काम करून बघा. तापमान आणि दमटपणा तासातासाला नोंदवणारे लॉगर काही हजारांत मिळतात. चार घ्या. एखादं ग्रामीण रुग्णालय निवडा, पण पत्नीचं नको. तिथे उणं काही निघालं, तर तिच्या वरिष्ठांची नजर तिच्यावर जाईल, आणि सहकाऱ्यांना मोकळेपणी बोलता येणार नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांची लेखी परवानगी घ्या. रुग्णांशी बोलायचं असेल किंवा केस पेपर पाहायचे असतील, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते, आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून जा. ती मिळायला वेळ लागेल, तोवर फक्त खोली मोजा. रुग्णाचा फोटो काढू नका, मागून, चेहरा न दिसणारासुद्धा नाही.

दोन लॉगर स्लॅबखालच्या वॉर्डात, एक तळमजल्यावर, एक बाहेर सावलीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मे संपेपर्यंत. खिडक्या कधी उघड्या, कधी लावलेल्या आणि कूलर कुठे, हे दिवसातून चारदा वहीत टिपायला तिथल्याच एखाद्या मावशींना विनंती करा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि लेखात त्यांचे आभार मानायला विसरू नका. मार्चमध्ये अर्ज भरून ठेवा, जुलैत पैसे भरायच्या आधी तुमच्या हातात दोन महिन्यांचे आकडे असतील. ते बघताना रात्री झोप उडाली, तर जा. कंटाळा आला, तर पुण्याच्या नसेल तर दुसऱ्या फर्मचं दार उघडं असेल, आणि त्यात काही कमीपणा नाही.

वहीत कोणते रकाने आखायचे, हे मात्र मी सांगणार नाही. आज पत्नी ड्यूटीवरून आली, की चहा तुम्ही करा आणि कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवा. जूनमध्ये मला पत्र पाठवाल, ते दोघांच्या सहीचं पाठवा.